उंबर आणि त्यातली वास्प: एका झाडाची एका कीटकाशी तुलना कशी करावी

एक कीटक घ्या, एक झाड घ्या आणि दोघांची तुलना करा. बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रकल्पात, बीएस्सीच्या पर्यावरणाच्या पेपरात, निसर्ग मंडळाच्या शिबिरात हा विषय कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. बहुतेक जण वहीत दोन रकाने आखतात. डावीकडे ‘सहा पाय’, उजवीकडे ‘मुळे’. डावीकडे ‘अन्न खातो’, उजवीकडे ‘अन्न तयार करते’. दहा मिनिटांत पान भरतं आणि त्यातलं एकही वाक्य लिहिण्यासाठी झाडाजवळ जावं लागत नाही.

मी हे काम उंबराखाली बसून केलं आहे आणि नंतर अनेक विद्यार्थ्यांना करताना पाहिलं आहे. कुठे अडतं, कुठे फसगत होते, कोणती गोष्ट आधी कळली असती तर महिना वाचला असता, ते सगळं इथे क्रमाने देते आहे. हाताशी उंबराचं एक झाड हवं आणि दोन महिन्यांची सवड हवी. महागडं काहीच लागत नाही.

१. जोडी अशी निवडा की तुलनेला अर्थ येईल

पहिला सापळा इथेच आहे. आंबा हा महाराष्ट्राचा राज्यवृक्ष आणि ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून राज्य फुलपाखरू, म्हणून ही जोडी पुष्कळ जण घेतात. पण ब्लू मॉरमॉनच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आंब्याशी त्यांचा संबंध नाही. मग तुलना उंची, वजन, रंग यापलीकडे जातच नाही.

विदर्भात राहत असाल तर टसरचा किडा आणि ऐन ही चांगली जोडी आहे. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनावर टसर पाळणारी माणसं तुम्हाला जे सांगतील ते पुस्तकात मिळणार नाही. लाखेचा किडा आणि पळस हीही चालेल. मात्र या दोन्हींमध्ये झाडाला किड्याची गरज नसते. किडा उपाशी मरेल, झाडाचं काही अडणार नाही.

उंबराचं तसं नाही. उंबर म्हणजे फायकस रेसमोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं हे नाव. त्याच्या फळात वाढणारी वास्प, म्हणजे गांधीलमाशीच्या गणातला एक बारीक कीटक, तिचं नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. तिचं वर्णन मायर या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये केलं. उंबराच्या फुलांचं परागीभवन हीच वास्प करते आणि तिची पिल्लं उंबराच्याच फळात वाढतात. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही, उंबर नसेल तर तिचा वंश चालत नाही. फायकस प्रजातीतल्या झाडांचं आणि अशा वास्पचं नातं सुमारे साडेसात कोटी वर्षांचं आहे. सबंध लेखात मी हीच जोडी धरली आहे.

२. झाड नक्की उंबरच आहे ना, हे बघा

ओढ्याकाठी, नदीकाठी, जुन्या विहिरीशेजारी, दत्ताच्या देवळाजवळ उंबर सापडतोच. खोडाची साल करडी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत, पानं एकाआड एक आणि गुळगुळीत, वडासारख्या पारंब्या नाहीत. सगळ्यात मोठी खूण म्हणजे फळांचे घोस थेट खोडावर आणि जुन्या जाड फांद्यांवर लगडलेले असतात.

गल्लत होते ती बोखाड्याशी. त्याला काही भागांत काळा उंबरही म्हणतात, आणि त्याचीही फळं खोडावर येतात. बोखाड्याची पानं समोरासमोर असतात आणि हाताला खरखरीत लागतात, फळांवर बारीक लव असते. त्याची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी, वास्पही वेगळी. त्यामुळे बोखाड्यावरच्या नोंदी उंबराच्या नावाने लिहिल्या तर सगळा प्रकल्प बाद. पान हातात घेऊन बोट फिरवा, शंका तिथेच मिटते.

दुसरी गल्लत पानांवरची. उंबराच्या पानांवर अनेकदा फुगीर गाठी दिसतात आणि ‘हेच ते उंबराचे किडे’ असं समजून लोक फोटो काढतात. त्या गाठी रस शोषणाऱ्या एका निराळ्याच बारीक कीटकाच्या असतात. आपली वास्प पानाच्या वाटेला जात नाही.

देवळातल्या उंबराबद्दल एक सांगते. नरसोबाच्या वाडीला, सांगली जिल्ह्यातल्या औदुंबरला किंवा गावच्या दत्तमंदिरात औदुंबर हा देवाच्या ठिकाणी असतो. तिथलं फळ तोडू नका. पुजाऱ्यांना विचारून खाली पडलेली फळं उचलता येतात, पण त्यातून अर्धंच काम होतं, कारण पडलेल्या फळांतल्या वास्प बहुधा निघून गेलेल्या असतात. तोडायची फळं शेताच्या बांधावरच्या किंवा ओढ्याकाठच्या झाडाची घ्या, मालकाला विचारून. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीच तोडू वा पकडू नये. तिथे फक्त बघा आणि लिहा.

३. लागणारं साहित्य

– दहापट मोठं दाखवणारं भिंग. हे नसेल तर काम सुरूच करू नका. वास्प जेमतेम दोन मिलिमीटरची असते.
– धारदार छोटी सुरी किंवा ब्लेड, पांढरी बशी, बारीक चिमटा, टाचणी.
– रुंद तोंडाच्या काचेच्या दोन-तीन बरण्या आणि तोंडाला बांधायला दाट विणीची मलमल. मच्छरदाणीचं कापड वापरू नका, वास्प त्यातून सहज निसटतात.
– टिपकागद किंवा जुनं वर्तमानपत्र, चीक टिपायला.
– खोबरेल तेल. फळ कापण्याआधी बोटांना लावलं की चीक चिकटत नाही. चिकाचा हात डोळ्याला लावू नका.
– फांदीला बांधायला रंगीत दोरा, म्हणजे दर वेळी तोच घोस बघता येईल.
– वही. मोबाइलवर फोटो काढा, पण तारीख, वेळ आणि घोसाचा क्रमांक हाताने लिहा.

फळं तोडण्याआधी बुंध्यावर आणि फांद्यांवर मुंग्या आहेत का बघा. कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात त्या लाल मुंग्या उंबरावर बऱ्याचदा असतात आणि कडकडून चावतात. त्या तिथे का येतात हे पाचव्या टप्प्यात कळेल.

४. फळाच्या पाच अवस्था ओळखायला शिका

सगळ्या प्रकल्पाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका.

ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो तो खरं तर फुलांचा बंद गुच्छ. बटव्याचं तोंड नाडी ओढून आवळावं तसा तो असतो आणि काही हजार बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. बाहेरून फूल दिसत नाही ते यामुळेच. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक तोंड असतं, त्यावर खवल्यांचा दाट पडदा.

गलील आणि आयसिकोविच या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या फायकस सायकोमोरस या उंबराच्या भाऊबंदावर काम करताना फळाच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. जगभर तेच वापरतात. आपण त्यांना अ, ब, क, ड, इ म्हणू.

अ: अगदी लहान, कडक, हिरवं फळ. आतली फुलं अजून तयार नाहीत.

ब: मादी फुलं तयार झाली. फळ विशिष्ट वास सोडतं आणि त्या वासावर पराग घेऊन आलेल्या वास्प तोंडातून आत शिरतात. ही अवस्था थोडेच दिवस टिकते.

क: आत एकीकडे बिया धरतात, दुसरीकडे वास्पच्या अळ्या वाढतात. सगळ्यात लांब अवस्था ही. साधारण महिनाभर किंवा थोडी जास्त, थंडीत आणखी लांबते. या फळात कधी कधी पाणीही सापडतं.

ड: नर फुलांतले पराग तयार होतात आणि नेमक्या त्याच वेळी नव्या पिढीच्या वास्प बाहेर पडतात.

इ: फळ लाल, मऊ, गोड होतं. तांबट, कुटुर्गा, बुलबुल, धनेश, माकडं आणि रात्री वटवाघळं त्यावर ताव मारतात आणि बिया दूरवर पोहोचवतात.

एका झाडावरची बरीचशी फळं एकाच अवस्थेत असतात आणि शेजारच्या झाडावर वेगळीच अवस्था चालू असते. म्हणून शक्य असेल तर दोन-तीन झाडं नजरेखाली ठेवा. एकाच झाडावर अवलंबून राहिलात तर ड अवस्था अगदी परीक्षेच्या आठवड्यात येते आणि हातची जाते.

आठवड्यातून एकदा जा. ड जवळ आली की रोज. ती कशी ओळखायची? फळ पूर्ण आकाराचं, अजून घट्ट, पण हिरवा रंग फिका पडून पिवळट-लालसर छटा यायला लागते. त्याच घोसातल्या एखाद्या फळाला टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक दिसलं, तर बाकीची फळं आज-उद्याची आहेत असं समजा.

५. फळ कापा आणि सावकाश बघा

दर अवस्थेचं एखाद-दुसरं फळ पुरतं. घोस ओरबाडू नका.

आधी ब अवस्थेतलं फळ घ्या आणि कापायच्या आधी तोंडाकडचा भाग भिंगाखाली धरा. खवल्यांच्या फटीत पारदर्शक, बारीक पंख अडकलेले दिसतील. वास्प त्या आवळलेल्या तोंडातून आत घुसते तेव्हा तिचे पंख तुटून मागे राहतात, मिशांचे तुकडेही पडतात. आत गेलेली मादी सहसा परत बाहेर येत नाही. पंख दिसले की फळात वास्प पोहोचली, हे न कापताही कळतं.

आता ते फळ उभं कापा. चीक टिपून घ्या, नाहीतर त्यात सगळं लडबडून जातं. मधल्या पोकळीत काळसर, बिनपंखी, मुंगीसारखे दिसणारे कीटक असतील. वह्यांमध्ये ‘फळात मुंग्या आढळल्या’ असं लिहिलेलं मी फार वेळा वाचलं आहे. त्या मुंग्या नव्हेत, पंख गमावलेल्या वास्प आहेत. जिवंत असतील तर थोडा वेळ बघत राहा. मादी फुलाच्या नळीतून खाली अंडाशयात अंडं घालते आणि छातीवरच्या खाचांत भरून आणलेले पराग पुढच्या पायांनी काढून फुलांवर घासते. पराग चुकून अंगाला चिकटून येतात असं नाही. आधीच्या फळातून निघताना ती ते गोळा करून खाचांत भरून घेते. कीटकांमध्ये असं हेतूने परागीभवन करणारे फार थोडे.

काही फुलांची नळी आखूड असते, काहींची लांब. आखूड नळीच्या फुलात तिचं अंडं पोहोचतं, तिथे गाठ तयार होते आणि अळी वाढते. लांब नळीच्या फुलात बहुधा बी धरतं. हा फरक ब मध्ये नीट दिसत नाही, क च्या शेवटी स्पष्ट दिसतो. फळाच्या सालीकडे कडक, पिवळट बिया आणि मधल्या पोकळीकडे फुगलेल्या गाठी. टाचणीने गाठ फोडून बघा, आत वास्प असते.

मोजायचं असेल तर फळाचे चार समान भाग करा, एका भागातल्या बिया आणि गाठी मोजा आणि चौपट करा. सगळं फळ मोजायला बसलात तर दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल.

ड अवस्थेतली फळं कापू नका, निदान सगळी तरी नको. संध्याकाळी दोन-तीन फळं बरणीत ठेवा, मलमल बांधा, उन्हापासून दूर ठेवा. सकाळपर्यंत बरणीच्या भिंतीवर काळपट, चार पंखांच्या बारीक वास्प फिरताना दिसण्याची चांगली शक्यता असते. चार पंख नीट बघा. लोक यांना चिलटं म्हणतात, पण चिलटाला दोनच पंख असतात. वास्प मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या गणातली आहे.

त्याच वेळी एक फळ उघडून नर शोधा. फिकट पिवळसर तपकिरी, बिनपंखी, पोटाचा भाग खाली वळलेला. पहिल्यांदा बघणारा त्याला अळी समजतो. नर आधी बाहेर येतात, गाठींतल्या माद्यांशी तिथल्या तिथे संबंध ठेवतात आणि मग फळाची भिंत कुरतडून वाट पाडतात. त्या वाटेने माद्या उडून जातात, नर मात्र उडू शकत नाहीत आणि लवकरच मरतात. बाहेर पडणाऱ्या याच वास्प टिपायला ओंबील मुंग्या फळांवर टपून असतात. सकाळी झाडाखाली उभं राहून हे डोळ्यांनी बघता येतं.

ज्यांना जीवहत्या नको असेल त्यांनी फक्त बरणीची पद्धत वापरावी आणि निरीक्षण होताच मलमल सोडून वास्प झाडाजवळ मोकळ्या कराव्यात. जैन परंपरेत उंबर, वड, पिंपळ अशी पंच उदुंबर फळं त्यांतल्या जीवांमुळेच वर्ज्य आहेत. त्या घरातल्या मुलांनाही हा प्रकल्प पूर्ण करता येतो, काही अडत नाही.

आणि अंजिराचं काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. आपल्याकडे पुरंदर भागात होणारं पूना फिग जातीचं अंजीर परागीभवनाशिवायच पिकतं. त्याला वास्प लागत नाही, त्यामुळे ती त्यात नसते.

६. तोतया वास्पपासून सावध

बाहेरून फळावर बसलेली, अंडी घालायची शेपटीसारखी लांबलचक नळी असलेली वास्प दिसली की सगळे आनंदतात. फोटोही छान येतो. पण ती आपली वास्प नव्हे.

उंबराच्या फळावर परागीभवन न करणाऱ्या वास्पच्याही जाती येतात. त्या आत शिरत नाहीत. बाहेर बसून फळाच्या भिंतीतून नळी आरपार घालतात आणि आत अंडी सोडतात. काही स्वतःच्या गाठी करतात, काहींच्या अळ्या दुसऱ्यांच्या अळ्यांच्या जिवावर वाढतात. केसासारखी बारीक नळी कडक फळात कशी घुसते? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा एका परजीवी वास्पच्या नळीच्या टोकावरच्या दातांमध्ये जस्त असतं, त्यामुळे टोक कठीण होतं.

बरणीत दोन्ही प्रकारच्या वास्प निघतात. ढोबळ खूण अशी: शरीरापेक्षा कितीतरी लांब नळी मागे दिसत असेल तर ती बाहेरून अंडी घालणारी. आखूड नळीची, काळसर, दोन मिलिमीटरच्या आसपासची असेल तर ती आपली असण्याची शक्यता जास्त. नेमकी जात सांगायला सूक्ष्मदर्शक आणि जाणकार लागतो. वहीत ‘लांब नळीच्या’ आणि ‘आखूड नळीच्या’ असे दोन गट करून आकडे लिहिलेत तरी पुरे. खोट्या खात्रीने जातीचं नाव लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

७. आता तुलना मांडा: एकच प्रश्न दोघांना

अवयवांची यादी करू नका. प्रत्येक सजीवाला काही कामं करावीच लागतात. तोच प्रश्न झाडाला विचारा, तोच वास्पला.

आकार. उंबर सहज १५ ते २० मीटर वाढतो, वास्प दोन मिलिमीटर. १८ मीटरचं झाड धरलं तर वास्पच्या नऊ हजार पट. हे एका ओळीत लिहा आणि पुढे चला, यात फार काही नाही.

वेळ. इथे थांबा. उंबर अनेक दशकं जगतो आणि वर्षातून अनेकदा फळतो. पंख फुटलेली मादी वास्प एक-दोन दिवस जगते आणि आयुष्यात एकदाच अंडी घालते. तेवढ्या वेळात तिला ब अवस्थेतलं दुसरं झाड सापडलं पाहिजे, कारण ती ज्या झाडावरून निघाली त्याची फळं बहुधा पिकायला लागलेली असतात. म्हणजे वास्पची जात टिकायची तर परिसरात वेगवेगळ्या अवस्थांतली पुष्कळ उंबरं हवीत. गावाबाहेरचा ओढा बुजवून चार उंबरं तोडली तर पाचव्याला बी धरणं अवघड होतं. त्या पाचव्या झाडाकडे बघून ते कळत नाही, ते हिरवंगारच असतं. तुमच्या दोन-तीन झाडांच्या नोंदी समोर ठेवल्यात की कुठलं झाड कधी वास्प पाठवत होतं आणि कुठलं कधी घेत होतं, हे तारखांनिशी दिसेल. प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि तो कुठल्याही पुस्तकातून उतरवता येत नाही.

प्रवास. झाड हलत नाही, पण त्याचे पराग हलतात. नामिबियातल्या वाळवंटात, उगाब नदीच्या काठी, फायकस सायकोमोरसच्या एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांवर झालेलं काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे वास्पनी वाहून नेलेले पराग सरासरी ८० किलोमीटरहून जास्त आणि कमाल १६० किलोमीटरच्या घरात गेल्याचं आढळलं. एवढ्याशा जिवाला इतकं उडणं शक्य नाही. ती उंच जाऊन वाऱ्यावर वाहत जाते आणि वास आला की खाली उतरते. म्हणून ‘कीटक चल, झाड अचल’ असं वाक्य लिहू नका. लांबचा प्रवास वास्पला वारा घडवतो, आणि झाडाचे पराग वास्पच्या अंगावर बसून जातात.

नर आणि मादी. उंबराच्या एकाच फळात मादी फुलंही असतात आणि नर फुलंही, पण त्यांच्या तयार होण्यात आठवड्यांचं अंतर असतं. त्यामुळे फळाचे पराग त्याच फळाच्या मादी फुलांना मिळू शकत नाहीत. वास्पमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर, म्हणजे नराला बापच नसतो. फळात माद्या पुष्कळ आणि नर थोडे निघतात, हे तुमच्या बरणीतही दिसेल. उत्क्रांतिशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये याचं कारण मांडलं. बंद जागेत भावाभावांतच स्पर्धा होणार असेल, तर आईने नर थोडेच काढणं फायद्याचं. नर मोजण्यासाठी मात्र फळ उघडावं लागतं, कारण ते बरणीत सहसा उतरत नाहीत. फक्त बरणीतल्या वास्प मोजून गुणोत्तर काढलं तर ते चुकतं.

खर्च आणि मिळकत. वह्यांमध्ये लिहिलेलं असतं, ‘झाड वास्पला घर देते, वास्प झाडाला पराग देते, दोघांचा फायदा’. एवढ्यावर थांबू नका. ज्या फुलात अळी वाढली त्या फुलात बी धरत नाही. म्हणजे प्रत्येक गाठ हे झाडाचं एक गेलेलं बी. वास्पच्या बाजूने बघाल तर सगळ्या फुलांत अंडी घालता आली असती तर बरंच, आणि झाडाच्या बाजूने सगळ्या फुलांत बी धरलं असतं तर बरं. पण सगळ्याच बिया झाल्या तर त्या फळातून एकही वास्प बाहेर पडणार नाही, आणि त्या फळाचे पराग कुठेच पोहोचणार नाहीत. गाठीतून बाहेर पडणारी प्रत्येक मादी झाडाचे पराग घेऊन निघते. म्हणून तीच वास्प झाडाच्या हिशोबात नुकसानीतही लिहावी लागते आणि मिळकतीतही. तुम्ही मोजलेल्या बिया आणि गाठी इथे शेजारी शेजारी मांडा. लांब नळीच्या वास्पचा आकडा तिसऱ्या बाजूला लिहा. त्या पराग नेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाजूला झाडासाठी नुसताच खर्च.

८. लिहिताना आणि इतरांना देताना

घोसाला बांधलेल्या दोऱ्यावरची तारीख आणि वहीतली तारीख जुळते का, एकदा तपासा. जे डोळ्यांनी पाहिलं ते आणि जे वाचून लिहिलं ते वेगळ्या शाईने लिहा. परीक्षकही हाच फरक विचारतात.

फोटो आयनॅचरॅलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकायचे असतील तर झाडाची नोंद वेगळी आणि वास्पची वेगळी करा. वास्पच्या नोंदीत ‘उंबराच्या फळातून निघाली’ हे आवर्जून लिहा, कारण कोणत्या झाडातून निघाली यावरूनच जाणकार निम्मी ओळख पटवतात. झाडाचा एक दुरून, एक पानाचा, एक घोसाचा असे तीन फोटो पुरतात. वास्पचा एक फोटो बाजूने घ्या, म्हणजे नळीची लांबी कळते. शेजारी मोजपट्टी ठेवा.

वास्पचे फोटो बरणीतच घ्यायचे असतील तर बरणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. थंडाव्याने त्या मंदावतात, फोटो नीट येतो आणि बाहेर काढल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. मग त्याच दिवशी, शक्यतो सकाळीच, त्यांना सोडून द्या. त्यांच्याकडे एक-दोन दिवसच असतात. सोडण्यासाठी ब अवस्थेतला उंबर माहीत असेल तर त्याच्याच खाली बरणी उघडा.